न्हाणीघरातील नळ व शॉवर बदलणे

न्हाणीघरातील नळ, शॉवर किंवा मिक्सर गळू लागल्यास, क्षारांनी बुजल्यास वा मोडल्यास तो काढून त्या जागी नवा बसविणे हे घरगुती नळकामातील एक नित्याचे काम आहे. भिंतीबाहेरील जोडणीपुरते ते साध्या हत्यारांनी घरच्या घरी करता येते. भिंतीतील नळीची दुरुस्ती आणि गीझरची विद्युत जोडणी ही मात्र जाणकार कारागिराची कामे होत.

== प्रादेशिक पार्श्वभूमी ==
चंद्रपूर व गडचिरोली या वनबहुल जिल्ह्यांत बादली-तांब्याने स्नान करण्याची पद्धत रूढ असून बाथटब क्वचितच आढळतो. नव्या घरांत मात्र बादलीचा नळ आणि शॉवर दोन्ही जोडलेला भिंतीवरील मिक्सर असतो. चंद्रपूर शहराला इरई नदीवरील धरणाचे पाणी मिळते. ज्या घरांचा वापर विंधन विहिरीवर अवलंबून असतो, तेथे पाणी बहुधा अधिक जड असते.

दुर्गम तालुक्यांत कारागीर व सुटे भाग सहज मिळत नाहीत. पर्लकोटा नदीच्या पुरामुळे पावसाळ्यात भामरागडचा संपर्क अनेकदा तुटतो. अशा ठिकाणी उघडलेली जोडणी पुन्हा बंद करता आली नाही, तर साऱ्या घराचे पाणी थांबते. म्हणून सुटे भाग हाती आल्याखेरीज काम सुरू न करणे हा येथील पहिला नियम ठरतो.

== दोषाचे निदान ==
प्रत्येक दोषासाठी संपूर्ण साधन बदलावे लागत नाही. फिरकीचा नळ बंद करूनही ठिबकत असेल, तर बहुधा आतील वायसर, म्हणजे रबरी चकती, झिजलेली असते. ती बदलणे पुरेसे होते. अर्ध्या फेऱ्यात उघडणाऱ्या नळात वायसरऐवजी सिरॅमिक चकत्यांचा काट्रिज असतो व तो सबंध बदलावा लागतो. सेकंदाला एक थेंब गळत असेल आणि थेंब पाव मिलिलीटरचा धरला, तर दिवसाला सुमारे २२ लिटर, म्हणजे एक मोठी बादलीभर पाणी वाया जाते. जल जीवन मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी माणशी ५५ लिटर प्रतिदिन हे प्रमाण ठरविलेले आहे, हे लक्षात घेता ही गळती क्षुल्लक नाही.

शॉवरची धार क्षीण होण्याची दोन कारणे संभवतात. पहिले कारण क्षारांचे. जड पाण्यातील कॅल्शियम बायकार्बोनेट तापविल्यावर अविद्राव्य कॅल्शियम कार्बोनेटमध्ये बदलते आणि त्याचा पांढरा थर छिद्रांत साचतो. शॉवरचे तोंड काढून काही तास व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसात बुडविल्यास हा थर विरघळतो. फरशी धुण्याचे ॲसिड मात्र वापरू नये. त्याने क्रोमचा मुलामा जातो.

दुसरे कारण दाबाचे. पाण्याच्या १० मीटर उंचीमागे सुमारे १ बार दाब मिळतो. गच्चीवरील टाकी शॉवरपेक्षा केवळ ३ मीटर उंच असेल, तर दाब सुमारे ०.३ बार भरतो. तेवढ्या दाबावर मोठ्या तोंडाचा महागडा शॉवरही जोराने वाहत नाही. तेथे कमी दाबासाठी बनविलेला लहान शॉवर उपयुक्त ठरतो.

== साहित्य ==
स्क्रू पाना, पाईप पाना, टेफ्लॉन टेप, जुने कापड, तारेचा ब्रश आणि अर्धा इंची प्लग एवढे साहित्य लागते. घरातील नळ व शॉवरचे आटे सामान्यतः अर्धा इंची असतात; तरीही शक्य असल्यास जुना भाग नमुना म्हणून दुकानात न्यावा. तो काढता येत नसेल, तर त्याचे छायाचित्र व माप न्यावे.

== कृती ==
# गीझरचे बटण बंद करून टाकीचा कॉक बंद करावा. खालचा नळ उघडून नळीतील पाणी काढून टाकावे. मोरीच्या जाळीवर कापड अंथरावे, म्हणजे लहान भाग वाहून जात नाहीत.
# जुना नळ डावीकडे फिरवून काढावा. तो जाम असल्यास जोर न लावता सांध्यावर व्हिनेगरचे कापड गुंडाळून थांबावे. गंजलेल्या लोखंडी नळीवर एकदम जोर दिल्यास आटे भिंतीत तुटून राहतात.
# भिंतीतील आटे ब्रशने साफ करावेत. नव्या नळाच्या आट्यांवर, त्यांचे टोक स्वतःकडे धरून, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने टेफ्लॉन टेप ताणून गुंडाळावी. उलट गुंडाळलेली टेप नळ बसविताना सुटते.
# नळ आधी हाताने बसवावा, नंतर पान्याने बेताने आवळावा. मुलाम्यावर ओरखडे उठू नयेत म्हणून मध्ये कापड घ्यावे.
# कॉक हळूहळू उघडावा व अर्धा तास सांधे पाहावेत. नवा भाग बसत नसल्यास प्लग लावून बाकी घराचे पाणी सुरू करावे.

भिंतीवरील मिक्सरच्या गरम व थंड पाण्याच्या तोंडांत साधारणतः १५० मिलिमीटर अंतर असते. थोडा फरक वाकड्या पायांनी साधता येतो. गरम पाणी प्रथेनुसार डावीकडे असते.

== सावधगिरी ==
गरम पाण्याच्या बाजूस सीपीव्हीसी नळीच असावी. थंड पाण्यासाठीची साधी पीव्हीसी नळी उष्णतेने मऊ पडते. आटे फार आवळल्यास भिंतीतील प्लास्टिकचा एल्बो तडकतो. ही गळती ताबडतोब दिसत नाही. पुढे भिंतीला ओल येते. गीझरच्या सुरक्षा झडपेतून पाणी ठिबकते म्हणून ती कधीही बुजवू नये, कारण वाढलेला दाब तिच्यातूनच बाहेर पडतो. काम संपल्यावर गरम पाण्याच्या नळातून सलग धार येईपर्यंत गीझर सुरू करू नये; रिकाम्या टाकीत त्याचे कॉइल जळते. नळाला हात लावताच विजेचा झटका जाणवल्यास घराचा मुख्य स्विच बंद करून विद्युत कारागिराला बोलवावे. नळ बदलून हा दोष जात नाही.