आमवात आणि औषधे : लेखांक ११
एसजीपीटीचा आकडा आणि गोळीचा वार

एसजीपीटी आणि एसजीओटी ही यकृताच्या पेशींच्या आत काम करणारी विकरे. पेशीला इजा झाली की ती रक्तात झिरपतात आणि रिपोर्टमधला आकडा चढतो. एसजीओटी हृदयात, स्नायूंत आणि तांबड्या रक्तपेशींतही असते, म्हणून यकृताच्या बाबतीत एसजीपीटीची साक्ष जास्त भरवशाची. मात्र दोन्ही आकडे सांगतात ते पेशींच्या इजेबद्दल. यकृत आपले काम किती करते आहे, हे त्यांच्यावरून कळत नाही. ते अल्ब्युमिन, बिलिरुबिन आणि प्रोथ्रोम्बिन टाइम यांवरून कळते. मेथोट्रेक्सेट घेणाऱ्या रुग्णाच्या हाती ठळक अक्षरांत छापलेला ७८ पडतो, शेजारी कमाल मर्यादा ४० अशी असते, आणि ‘लिव्हर गेलं’ म्हणून घर हवालदिल होते. एवढा अर्थ त्या एका आकड्यात नसतो.

आकडा वाचण्याआधी वार पाहावा लागतो. आमवातात मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घेतात, साधारण ७.५ ते २५ मिलिग्रॅम. गोळी पोटात गेल्यावर एक-दोन दिवस विकरे थोडी वर जातात आणि आपोआप उतरतात. समजा, गोळी रविवारी रात्री घेतली आणि लॅबवाला मंगळवारी सकाळी रक्त घेऊन गेला, तर ७८ हा आकडा त्या तात्पुरत्या लाटेचाही असू शकतो. त्याच रुग्णाचे रक्त शुक्रवारी किंवा शनिवारी, म्हणजे पुढच्या गोळीच्या आदल्या एक-दोन दिवसांत घेतले, तर तो पुष्कळ खाली आलेला दिसू शकतो. रिपोर्टवर रक्त घेतल्याची तारीख आणि वेळ असते, गोळीचा वार कुठेच नसतो. तो रुग्णानेच कोपऱ्यात पेनने लिहून ठेवावा. तपासणाऱ्या डॉक्टरांचे अर्धे काम तिथेच होते.

विकरे वाढण्यामागे फोलेटची ओढ हे एक मोठे कारण आहे. मेथोट्रेक्सेटची रचना फॉलिक अ‍ॅसिडशी इतकी मिळतीजुळती आहे, की फोलेट वापरात आणणारे विकर त्यालाच धरून बसते आणि अडकते. म्हणून सोबत फॉलिक अ‍ॅसिड देतात. कुणी आठवड्यातून एकदा ५ मिलिग्रॅम देते, कुणी रोज १ मिलिग्रॅम. त्याने विकरे वाढण्याचे प्रमाण स्पष्टपणे कमी होते, मळमळही कमी होते. तरी अनेक रुग्ण ती पिवळी गोळी ‘नुसती ताकदीची’ समजून सोडून देतात. वाचकांच्या पत्रांत वारंवार येणारा प्रश्न असा, की एक गोळी फोलेट अडवते आणि दुसरी ते पुरवते, मग पहिलीचा गुण राहतो कसा? सांध्यांवरचा परिणाम बराचसा वेगळ्या वाटेने, पेशींबाहेर अ‍ॅडेनोसिन वाढून होतो असे मानले जाते. त्यामुळे फॉलिक अ‍ॅसिडने यकृताला आणि तोंडाच्या आतल्या त्वचेला आधार मिळतो, सांध्यांचा फायदा मात्र फारसा घटत नाही.

या पिवळ्या गोळीची गोष्ट मुंबईत सुरू होते, आणि ती सांगण्याजोगी आहे. १९२८मध्ये ल्युसी विल्स या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. कापड गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायकांना एक जीवघेणा रक्तक्षय होत असे. त्यात तांबड्या पेशी संख्येने कमी आणि आकाराने मोठ्या असत. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटच्या आधाराने विल्स यांनी या बायकांचा आहार तपासला, नंतर माकडांवर प्रयोग केले. तसाच निकस आहार दिल्यावर माकडांनाही रक्तक्षय झाला, आणि मार्माइट या यीस्टच्या अर्काने तो बरा झाला. तोच अर्क रुग्ण बायकांनाही लागू पडला. १९३१मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये हे प्रसिद्ध झाले आणि त्या अनोळखी घटकाला ‘विल्स फॅक्टर’ म्हणू लागले. तो घटक म्हणजे फोलेट. पुढे अमेरिकेत लेडर्ली कंपनीत, मूळचे आंध्रातले येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या देखरेखीखाली, फॉलिक अ‍ॅसिड प्रयोगशाळेत तयार झाले. त्याच्या रचनेत फेरफार करून त्याला विरोध करणारी औषधेही तिथेच निघाली. सिडनी फार्बर यांनी १९४८मध्ये त्यांपैकी अ‍ॅमिनोप्टेरिन हे लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात उपयोगी पडते असे दाखवले. १९५१मध्ये ते आमवातावर वापरून पाहिले गेले. त्याचा धाकटा भाऊ मेथोट्रेक्सेट, त्याला अमेरिकेत आमवातासाठी मान्यता मिळाली ती १९८८मध्ये. गिरणीतल्या त्या बायकांचे ऋण आज प्रत्येक आमवाती रुग्णावर आहे.

मेथोट्रेक्सेटची यकृताबाबतची बदनामी बरीचशी सोरायसिसच्या रुग्णांमुळे झाली. त्यांना एके काळी ते रोज थोडेथोडे दिले जाई, आणि दारू, स्थूलपणा, मधुमेह सोबतीला असत. आजही आकडा चढला की सोबतचे आधी तपासावे. फॅटी लिव्हर हा सर्वांत मोठा संशयित. दारू तर आहेच. डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामके आणि क्षयाच्या प्रतिबंधासाठी दिलेली आयसोनिआझिडची गोळीही विकरे वाढवतात. हेपॅटायटिस बी आणि सी यांची तपासणी औषध सुरू करण्याआधीच झालेली असावी. काढे आणि चूर्णे रुग्ण डॉक्टरांना सांगतच नाहीत. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुंबईत गुळवेल घेणाऱ्या सहा जणांना यकृताची इजा झाल्याचे डॉक्टरांनी नोंदवले. आयुष मंत्रालयाने त्या वनस्पतीच्या ओळखीबद्दल शंका घेतली. वाद काहीही असो, सांधे दुखतात म्हणून रोज गुळवेलीचा काढा घेणाऱ्याने ते तोंडाने सांगितलेच पाहिजे.

मेथोट्रेक्सेट सुरू केल्यावर पहिल्या तीन महिन्यांत दोन ते चार आठवड्यांनी, पुढचे तीन महिने आठ ते बारा आठवड्यांनी, आणि सहा महिन्यांनंतर साधारण दर बारा आठवड्यांनी रक्त तपासतात. आकडा कमाल मर्यादेच्या दुपटीपर्यंत असेल, तर बहुधा तपासणी पुन्हा करून पाहतात, फॉलिक अ‍ॅसिड वाढवतात किंवा डोस थोडा कमी करतात. तिपटीच्या पुढे गेला, तर औषध थांबवतात आणि विकरे जाग्यावर आल्यावर कमी डोसाने पुन्हा सुरू करतात. वारंवार चढत राहिला, किंवा अल्ब्युमिन खाली येऊ लागले, तर सोनोग्राफी, फायब्रोस्कॅन आणि क्वचित बायोप्सीकडे वळतात. घाबरून स्वतःच गोळी बंद केली तर काही आठवड्यांत सांधे पुन्हा सुजतात. उलटी चूक त्याहून भयंकर: आठवड्याची गोळी कुणी रोज घेतली, तर तोंडात फोड येतात, पांढऱ्या पेशी कोसळतात आणि जीवावर बेतते. म्हणून चिठ्ठीवर वाराचे नाव पूर्ण लिहिलेले असावे.

आमवातावरच्या लेफ्लुनोमाइड या दुसऱ्या औषधाचे प्रकरण वेगळे आहे. ते शरीरात महिनोन्महिने, कधी दोन वर्षांपर्यंत रेंगाळते. त्यामुळे त्यावर विकरे फार चढली, तर नुसते थांबवून भागत नाही. कोलेस्टिरामिनची पावडर दिवसातून तीनदा, साधारण अकरा दिवस देऊन ते बाहेर काढावे लागते. मेथोट्रेक्सेटच्या जोडीला लेफ्लुनोमाइड असेल, तर विकरे वाढण्याची शक्यता अधिक, आणि तपासण्यांमधले अंतर तेवढे कमी ठेवावे लागते.