लाजेपोटी दुखणे अंगावर काढू नका

सभासद बंधूंनो,

या पानावर आपण आजवर लागण, खते, हुमणी आणि खोडवा यांविषयी बोलत आलो. आजचा विषय वेगळा आहे. बातमीपत्रात हे कशाला, असे काहींना वाटेल. पण गटागटांत फिरताना, बैठक संपल्यावर, मोटारसायकलजवळ येऊन हळू आवाजात जे विचारले जाते, त्यात हा प्रश्न असतो. चारचौघांत कोणी विचारत नाही, म्हणून छापून सांगतो. प्रश्न आहे पुरुषाच्या इंद्रियाला पुरेशी ताठरता न येण्याचा.

प्रथम हे ध्यानात घ्यावे, की एखाद्या दिवशी असे झाले तर तो आजार नव्हे. रात्रीच्या लाइटीवर पाणी पाजून माणूस दमलेला असतो, सोसायटीच्या कर्जाचा घोर असतो, कधी पोटात दारू असते. त्या दिवशी शरीर साथ देत नाही, एवढेच. परंतु तीन महिने वरचेवर असेच होत असेल, तर तपासणी करून घ्यावी.

आपल्या एकट्यालाच हे झाले, असे प्रत्येकाला वाटते. तसे नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात १९८७ ते १९८९ या काळात ४० ते ७० वयाच्या पुरुषांची पाहणी झाली. त्यात ५२ टक्के पुरुषांना कमीअधिक प्रमाणात हा त्रास आढळला. म्हणजे दोघांत एक!

आता हे घडते कसे ते पाहू. मेंदूकडून नसांवाटे निरोप येतो. त्यासरशी इंद्रियाच्या नसांत व रक्तवाहिन्यांच्या अस्तरात नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याने वाहिन्या सैल पडतात, रक्त जोराने आत येते आणि स्पंजासारखा भाग भरतो. भरलेल्या भागाच्या दाबाने रक्त परत नेणाऱ्या वाहिन्या दाबल्या जातात. बांध घातल्यावर पाणी तुंबावे, तसे रक्त तुंबते. रक्तवाहिन्यांत या वायूचे काम काय, हे शोधून काढणाऱ्या फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद या तिघा शास्त्रज्ञांना १९९८ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

म्हणजे हा मर्दपणाचा प्रश्न नाही, रक्तपुरवठ्याचा आहे. इंद्रियाच्या रक्तवाहिन्या साधारण एक ते दोन मिलिमीटरच्या, तर हृदयाच्या तीन ते चार मिलिमीटरच्या असतात. ठिबकच्या पाण्यात गाळ आला तर आधी काय चोंदते? बारीक ड्रिपर. मोठ्या पाइपची पाळी मागून येते. शरीरातही तेच होते. मधुमेह, रक्तदाब, चरबी आणि तंबाखू यांनी वाहिन्या खराब होऊ लागल्या, की पहिली खूण पुष्कळदा इथे दिसते. छातीत कळ येण्याच्या दोन ते पाच वर्षे आधी हा त्रास सुरू झाल्याचे अनेक रोग्यांत आढळले आहे. मधुमेहाने तर वाहिन्यांबरोबर नसाही दुखावतात.

दुसऱ्यांना सांगतो आणि स्वतःचे झाकतो, असे नको. दीड वर्ष मीही गप्प होतो. रस्त्याकडेच्या तंबूतून पुड्या आणून खाल्ल्या. घरी चिडचिड करायचो. मंडळींना वाटले, यांचे मन उडाले. शेवटी दुसऱ्याच कामासाठी डॉक्टरांकडे गेलो, तेव्हा धीर करून बोललो. त्यांनी आधी रक्त तपासले. उपाशीपोटी साखर २१० निघाली. १२६ च्या वर गेली की मधुमेह धरतात. पुड्या खात बसलो असतो, तर डोळे नाही तर किडनी गेल्यावर कळले असते. पान पिवळे पडले की मूळ उकरून पाहा, हे तुम्हाला सांगणारा माणूस मी. पण स्वतःचे मूळ पाहिले नाही.

तेव्हा पुढील गोष्टी कराव्यात.

१. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जाऊन स्पष्ट बोलावे. साखर, रक्तदाब आणि रक्तातील चरबी तपासून घ्यावी.

२. चालू असलेली औषधे डॉक्टरांना दाखवावीत. काही औषधांनीही हा त्रास होतो. मात्र रक्तदाबाची गोळी आपल्या मनाने बंद करू नये.

३. तंबाखू, मिश्री, विडी सोडावी. दारू आवरावी. बांधावर मोटारसायकलने न जाता चालत जावे.

४. यावर सिल्डेनाफिलसारख्या गोळ्या आहेत. पहिली १९९८ साली आली. गुण येतो, पण त्या डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्याव्यात. छातीच्या दुखण्यासाठी जिभेखाली ठेवण्याची नायट्रेटची गोळी घेणाऱ्याने या मुळीच घेऊ नयेत. रक्तदाब एकदम उतरून जिवावर बेतते.

५. तंबूतल्या आणि भिंतीवरच्या जाहिरातींना भुलू नये. अशा औषधांची जाहिरात करण्यास १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. जडीबुटी म्हणून विकलेल्या पुड्यांत हीच इंग्रजी औषधे चोरून मिसळलेली सापडली आहेत.

६. पहाटे ताठरता येते, पण एरवी येत नाही, असे असेल तर काळजी किंवा मनावरचा ताण हे कारण असू शकते. तेही डॉक्टरांना सांगावे. त्यावरही इलाज आहे.

तरुण पोरांच्या मनात एक भीती असते. स्वप्नात धातू गेल्याने किंवा हस्तमैथुनाने कमजोरी येते, हे खरे नाही. त्या भीतीवरच तंबूवाल्यांचा धंदा चालतो.

शेवटी एक. हे घरात बोला. आपण गप्प राहिलो की बायको दोष स्वतःकडे घेते, आणि दोघेही आतल्या आत कुढतात. जमल्यास डॉक्टरांकडे दोघांनी मिळून जावे.

माती परीक्षणासाठी नमुना देताना आपण लाजत नाही. रक्ताचा नमुना देतानाही लाजू नये. गळीत संपले की पहिल्या आठवड्यात हे काम उरकावे, ही विनंती.

कळावे,
आपला,
ऊस विकास अधिकारी