न मोजता मोजलेली दहा लाख नाणी

लॉस एंजेलिस शहरातल्या एका कुटुंबाची बातमी 2023 साली गाजली. वडीलधाऱ्यांच्या मागे राहिलेलं जुनं घर आवरताना ही मंडळी घराखालच्या बुटक्या पोकळीत शिरली. अमेरिकेत बऱ्याच घरांची जमीन मातीपासून थोडी उचललेली असते आणि मधल्या जागेत रांगतच जावं लागतं. तिथे त्यांना आधी नाण्यांच्या कागदी गुंडाळ्या दिसल्या, कागद पार विरलेला. मग दिसल्या बँकेच्या पिशव्या. एक, दोन, दहा, संपेचनात! सगळ्यांत तांब्याचे सेंट. सुमारे दहा लाख!

सेंट म्हणजे डॉलरचा शंभरावा भाग. या नाण्याला तिकडे पेनी म्हणतात. दहा लाख सेंटांचे 10,000 डॉलर होतात, एवढं गणित तुम्ही केलंच असेल. पण दहा लाख नाणी मोजायची कशी? सेकंदाला एक या वेगाने, न जेवता न झोपता मोजत बसलात, तरी साडेअकरा दिवस लागतील. आणि मधेच कुणी हाक मारली की आकडा विसरलाच म्हणून समजा.

म्हणून मोजायचंच नाही. वजन करायचं!

तांब्याच्या एका सेंटचं वजन 3.11 ग्रॅम. टांकसाळीतून बाहेर पडलेलं प्रत्येक नाणं जवळजवळ तेवढंच भरतं. म्हणजे एका किलोत साधारण 321 नाणी बसतात. पिशव्या एकेक करून काट्यावर ठेवायच्या, रिकाम्या पिशवीचं वजन वजा करायचं, उरलेल्याला 3.11 ने भागायचं. झाली मोजणी. दहा लाख नाण्यांचं वजन होतं 3,110 किलो. एक चांगली धिप्पाड हत्तीण त्या पोकळीत बसून होती म्हणा ना!

पण इथे एक गंमत आहे. समजा, नाण्याचं वजन तुम्हाला माहीत नाही. घरी स्वयंपाकाचा काटा आहे आणि तो फक्त पूर्ण ग्रॅम दाखवतो. एक सेंट ठेवलात, काटा म्हणाला 3 ग्रॅम. ठीक आहे, 3 ने भागू. उत्तर येतं 10,36,667. अरेच्चा! साडेछत्तीस हजारांहून जास्त नाणी हवेतून आली. चूक झाली एक दशांश ग्रॅमची, पण ती दहा लाख वेळा झाली.

उपाय अगदी सोपा आहे. एक नाणं ठेवूच नका, शंभर नाणी एकदम ठेवा. काटा दाखवेल 311 ग्रॅम. आता शंभराने भागा, आले 3.11. काटा तोच, तुम्ही तेच, पण उत्तर शंभरपट बारीक झालं. ही शंभर नाणीही एकाच पिशवीतून घेऊ नका. थोडी वरच्या पिशवीतली, थोडी तळातली, थोडी कोपऱ्यातली घ्या. झिजलेली, मळलेली, कोरी, सगळ्या तऱ्हेची नाणी त्यात आली पाहिजेत. मला विचाराल तर या सगळ्या गोष्टीतली सगळ्यात सुंदर युक्ती हीच.

प्रत्येक साठ्यात सगळे सेंट तांब्याचेच असते तर काम इथेच संपलं असतं. पण 1982 साली अमेरिकेच्या टांकसाळीने सेंटच्या पोटातला धातू बदलला. तांबं महाग झालं होतं. त्याआधीच्या सेंटमध्ये 95 टक्के तांबं असायचं. नव्या सेंटमध्ये 97.5 टक्के जस्त, आणि तांबं फक्त वरच्या पातळ मुलाम्यापुरतं. रंग तोच, रुंदी तीच, नाण्यावरचा राष्ट्राध्यक्ष लिंकनचा चेहराही तोच. वजन मात्र उतरून झालं 2.5 ग्रॅम. डोळे फसतात, काटा फसत नाही.

कानही फसत नाहीत बरं का. जुना सेंट टेबलावर टाकला तर टण्ण वाजून घुमतो. जस्ताचा नुसता टक् करून गप्प बसतो.

आता एक कोडं. दोन्ही प्रकार मिसळलेले शंभर सेंट तुमच्यापुढे आहेत आणि त्यांचं वजन भरलं 265.25 ग्रॅम. त्यात तांब्याचे किती? सगळे जस्ताचे असते तर 250 ग्रॅम भरले असते. म्हणजे 15.25 ग्रॅम जास्तीचे. तांब्याचं एक नाणं जस्ताच्या नाण्यापेक्षा 0.61 ग्रॅमने जड. 15.25 भागिले 0.61, उत्तर 25. एकाही नाण्यावरचं वर्ष न वाचता पंचवीस नाणी ओळखलीत तुम्ही!

बरं, नाणी मोजून झाली. ठेवायची कुठे? हौशी लोकांना वाटतं, माळ्यावर टाकू. मुळीच नको. माळ्याचं सोडा, अमेरिकेत राहत्या खोलीची जमीनही साधारण दर चौरस मीटरला 195 किलो भार पेलेल अशा हिशेबाने बांधतात. हत्तीणभर नाणी पसरायला मग 16 चौरस मीटरची अख्खी खोली लागेल. एका कोपऱ्यात रचली तर जमीन वाकणार. म्हणून घराखालच्या मातीवर ही नाणी ज्याने कुणी ठेवली तो हुशारच म्हणायचा. माती वाकत नाही.

मातीचं एकच दुखणं, ओल. तांब्याला ओल आणि हवा लागली की आधी तपकिरी थर येतो, मग कधी हिरवा. त्याने नाणं लगेच मरत नाही. जस्ताच्या सेंटचं मात्र वाईट होतं. वरचा मुलामा कुठे खरवडला गेला की ओल आत शिरते आणि तांब्याशी जोडलेलं जस्त भराभर खाल्लं जातं. नाण्यावर फोड येतात, खड्डे पडतात. म्हणून दोन्ही प्रकार वेगळे ठेवायचे, कोरड्या जागी, आणि पीव्हीसीच्या मऊ प्लास्टिकमध्ये तर अजिबात नाही. ते प्लास्टिक जुनं होताना आम्ल सोडतं आणि नाण्यावर हिरवा चिकट थर धरतो.

आणि हो, घासायचं नाही! तुमच्या घरी तांब्याचा तांब्या चिंचेने लख्ख होतो, हे खरं. जुनं नाणं तसं घासलं तर त्याच्यावरच्या बारीक रेषा जातात आणि संग्राहक ते हातात घेऊन परत खाली ठेवतात.

आता विक्री. एका तांब्याच्या सेंटमध्ये 2.95 ग्रॅम तांबं असतं. 2023 साली जगाच्या बाजारात तांब्याचा भाव किलोला साधारण साडेआठ डॉलर होता. दहा लाख सेंटांत 2,950 किलो तांबं, म्हणजे 25,000 डॉलरचं. आणि त्या कुटुंबाने साठ्याची किंमत किती सांगितली होती? बरोबर 25,000 डॉलर! नाण्यावर छापलेली किंमत 10,000 आणि धातूची किंमत तिच्या अडीचपट. एकाच नाण्याच्या दोन किमती.

मग भट्टीत घालून वितळवायची की! तेच करता येत नाही. धातूचे भाव चढले तेव्हा, 2006 च्या डिसेंबरमध्ये, अमेरिकेने सेंट वितळवायला बंदी घातली. दंड 10,000 डॉलरपर्यंत, तुरुंग पाच वर्षांपर्यंत. आपल्याकडेही 2011 च्या नाणे कायद्याने नाणी वितळवणं गुन्हा आहे. हे नियम मला पटतात. नाहीतर धातू महागला की दुकानांतली सुटी नाणी रातोरात भट्टीत गेली असती.

त्यामुळे सेंटचे गिऱ्हाईक असतात ते वाट बघणारे लोक. बंदी कधीतरी उठेल म्हणून ते तांब्याचे सेंट छापील किमतीपेक्षा जास्त देऊन घेतात आणि साठवतात. 2025 च्या नोव्हेंबरमध्ये फिलाडेल्फियाच्या टांकसाळीने चलनासाठीचे शेवटचे सेंट पाडले, कारण एक सेंट बनवायला साडेतीन सेंटांहून जास्त खर्च येत होता. पण जुने सेंट अजून चालतात.

एवढं ओझं गिऱ्हाइकापर्यंत न्यायचं कसं? अमेरिकेच्या टपालखात्यात ठरावीक दराची खोकी मिळतात. आत पिसं भरा की नाणी, देशात पाठवायला पैसे तेवढेच, फक्त वजन 70 पौंडांच्या, म्हणजे 31.75 किलोंच्या, वर जाता कामा नये. तांबं विकणाऱ्यांना याहून चांगलं काय हवं! दहा हजार सेंटांचे होतात 31.1 किलो. म्हणजे आपल्या हत्तीणीची झाली शंभर खोकी.

त्यातही विकण्याआधी एक चाळणी लावायचीच. 1943 साली महायुद्धासाठी तांबं हवं होतं, म्हणून अमेरिकेने जस्ताचा मुलामा दिलेले पोलादी सेंट पाडले. त्याच वर्षी आपल्याकडे तांबं वाचवायला भोकाचा पैसा निघाला. तुमच्या पणजीने तो वापरला असेल. पण अमेरिकेच्या टांकसाळीत जुन्या धातूच्या काही चकत्या चुकून यंत्रात अडकून राहिल्या आणि 1943 चे अगदी थोडे सेंट तांब्याचे निघाले. असा एक 2019 साली लिलावात 2 लाख डॉलरहून जास्त किमतीला गेला! तपासायला आधी लोहचुंबक लावून बघा. पोलादी नाणं चिकटतं, तांब्याचं नाही. न चिकटलं म्हणजे खरंच असं मात्र नाही, कारण तांब्याच्या दुसऱ्या सेंटवरचं वर्ष खरवडून 1943 करणारे ठकही आहेत.

तुमची मावशी किंवा काका अमेरिकेत असतील तर येताना मूठभर सेंट आणायला सांगा. पाच डॉलरचे, म्हणजे पाचशे सेंट, त्यांना खुशाल आणता येतात. आल्यावर वर्षं बघून दोन ढीग करा, एक 1981 पर्यंतचा आणि एक 1983 पासूनचा. प्रत्येक ढिगातले दहा-दहा काट्यावर ठेवा. एकाचे 31 ग्रॅम दिसतील, दुसऱ्याचे 25. आणि 1982 चा सेंट निघाला तर तो बाजूला ठेवा, कारण त्या वर्षी दोन्ही प्रकारचे पाडले होते. स्वयंपाकाच्या काट्याला एकट्या नाण्यातला हा फरक कळणार नाही. तो सेंट घेऊन ओळखीच्या सोनाराकडे जा, त्याचा काटा मिलिग्रॅमही दाखवतो.