सर्व्हरवरून उतरणारी यादी : नावे व खाते क्रमांक कोठे बिघडतात?

महाविद्यालयाच्या संगणक प्रणालीत 'यादी डाउनलोड करा' असे एक बटण असते. ते दाबले की शिष्यवृत्तीच्या अर्जदारांची यादी एक्सेलमध्ये उघडते. बहुतेक वेळा ती ठीक असते. कधी मात्र उर्दू नावांच्या जागी निरर्थक चिन्हे उमटतात, तर कधी बँक खात्याचा शेवटचा अंक शून्य झालेला असतो. अशी यादी तपासल्याविना पुढे गेली तर विद्यार्थ्याची रक्कम अडकते, आणि बोल लागतो तो माहिती भरणाऱ्या कारकुनाला. वस्तुतः त्याने क्रमांक बरोबरच भरलेला असतो.

ही फाईल सर्व्हरवर आधीपासून तयार नसते. मागणी येताच प्रणाली डेटाबेसमधून नोंदी काढते, त्यांचा तक्ता बनवते व तो ब्राउझरकडे पाठवते. मजकुराच्या आधी हेडर म्हटल्या जाणाऱ्या काही ओळी जातात. 'कंटेंट-टाइप' ही ओळ फाईल कोणत्या जातीची आहे ते सांगते. 'कंटेंट-डिस्पोझिशन' या ओळीत 'अटॅचमेंट' असे लिहिले असेल तर ब्राउझर फाईल पडद्यावर न दाखवता उतरवून घेतो. फाईलचे नावही तेथेच असते. हे नाव देवनागरीत किंवा उर्दूत द्यायचे असेल तर ते यूटीएफ-८ मध्ये वेगळ्या पद्धतीने लिहावे लागते. ती पद्धत २०११ च्या आरएफसी ६२६६ या मानकात दिलेली आहे.

पूर्वी अनेक प्रोग्रामर साधा एचटीएमएल तक्ता बनवून त्याला एक्सेलचे नाव चिकटवून पाठवीत. एक्सेल २००७ पासून अशी फाईल उघडताना 'स्वरूप व नाव जुळत नाही' अशा अर्थाची सूचना येते. ती सूचना खरीच असते.

दुसरा सोपा मार्ग सीएसव्हीचा, म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेल्या ओळींचा. खरी अडचण येथेच आहे. सीएसव्ही फाईल आपली लिपी कोणत्या संकेतात आहे हे स्वतः सांगत नाही. यूटीएफ-८ मध्ये मराठीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइटांचे, तर उर्दूचे अक्षर साधारणतः २ बाइटांचे असते. विंडोजवरील एक्सेलला काही खूण न मिळाल्यास ते या बाइटांना जुन्या संकेतातील सुटी अक्षरे समजते, आणि 'शेख' वा 'सय्यद' यांचा चुराडा होतो. फाईलच्या आरंभी बीओएम ही ३ बाइटांची खूण घातली की हा दोष जातो.

अंकांचा दोष मात्र तसाच राहतो. सीएसव्हीत 'हा अंकांचा मजकूर आहे, संख्या नव्हे' असे सांगण्याची सोय नाही. अवतरणचिन्हे घालूनही उपयोग होत नाही. म्हणून ००४७ हा हजेरी क्रमांक ४७ होतो. १२ अंकी आधार क्रमांक घातांकाच्या रूपात दिसतो. एक्सेल संख्येचे १५ अंकच जपत असल्याने १६ अंकी खाते क्रमांकाचा शेवटचा अंक शून्य होतो, आणि फाईल सेव्ह केली की मूळ अंक कायमचा गेला.

यावर उपाय म्हणजे खरी एक्सएलएसएक्स फाईल बनवणे. जावामध्ये अपाचे पीओआय, पीएचपीमध्ये पीएचपीस्प्रेडशीट, पायथनमध्ये ओपनपायएक्सएल ही त्यासाठीची साधने विनामूल्य आहेत. एक्सएलएसएक्स म्हणजे एक्सएमएल फाईलींचे झिप केलेले गाठोडे. त्यात प्रत्येक घराचा प्रकार नोंदवता येतो. खाते क्रमांक 'मजकूर' म्हणून लिहिला की तो अबाधित राहतो. उर्दू यादीसाठी पूर्ण पत्रकच उजवीकडून डावीकडे मांडता येते, म्हणजे पहिला स्तंभ उजव्या बाजूस येतो. उर्दू शाळांच्या याद्यांत ही सोय क्वचितच वापरलेली दिसते, याचे नवल वाटते.

झिप असल्याने ही फाईल नाजूकही असते. प्रोग्राममधून चुकून एखादी सूचना किंवा कोरी ओळ तिच्यासोबत गेली तरी एक्सेल 'फाईल बिघडली आहे' असे म्हणू शकते. म्हणून फाईल सर्व्हरवर पूर्ण तयार करून मगच पाठवणे बरे.

जुन्या एक्सएलएस स्वरूपापासून दूरच राहावे. त्यात एका पत्रकात ६५,५३६ ओळीच मावतात. नव्या स्वरूपात १०,४८,५७६ मावतात. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर २०२० या काळात इंग्लंडमध्ये कोविडबाधितांच्या १५,८४१ नोंदी दैनिक आकड्यांतून सुटल्या, त्या प्रयोगशाळांची माहिती या जुन्या स्वरूपात घेतल्यामुळे. त्या रुग्णांच्या संपर्कातील लोकांचा शोध तितका लांबला.

आणखी एक गोष्ट. अर्जदाराने नावाच्या रकान्यात बरोबरच्या चिन्हाने सुरू होणारा मजकूर भरला, तर सीएसव्ही उघडताना एक्सेल त्याला सूत्र समजते. त्यातून दुसऱ्याच्या संगणकाला अपायही करता येतो. असा मजकूर प्रणालीने आधीच अडवावा. शिवाय या यादीत खाते क्रमांक असल्याने 'कॅशे-कंट्रोल' या हेडरमध्ये 'नो-स्टोअर' लिहावे, म्हणजे ब्राउझर तिची प्रत आपल्या साठ्यात ठेवत नाही. डाउनलोडच्या फोल्डरात उतरलेली फाईल मात्र तेथेच राहते. सामायिक संगणकावरून ती हातानेच पुसावी लागते.