अवजारातून उमललेली क्रियापदे

वेल्श भाषेत कुदळीला ‘काइब’ म्हणतात आणि कुदळीने खणण्याला ‘केइबिओ’. अवजाराच्या नावालाच प्रत्यय लागून त्या कामाचे क्रियापद तयार झाले. मराठीला ही रीत परकी नाही. नामापासून बनलेल्या अशा धातूला आपले व्याकरण ‘नामसाधित धातू’ म्हणते. कुदळीवरून कुदळणे, खुरप्यावरून खुरपणे, नांगरावरून नांगरणे, वखरावरून वखरणे, कोळप्यावरून कोळपणे, करवतीवरून करवतणे आणि रंध्यावरून रंधणे, अशी ही मालिका आहे.

यांतील काही अवजारांची नावे फार जुनी आहेत. संस्कृतातील ‘क्षुरप्र’चे खुरपे झाले, ‘लाङ्गल’चा नांगर झाला आणि ‘करपत्रा’ची करवत झाली. उलट दिशेचा प्रवासही मराठीत घडतो. चाळणे या क्रियेवरून चाळणी, तर किसण्यावरून किसणी आली.

नामसाधित क्रियापदाचे बळ त्याच्या नेमकेपणात असते. जमीन उलथली की नांगरली, ढेकळे फोडून सारखी केली की वखरली, पिकाच्या दोन ओळींमधले तण काढले की कोळपली आणि रोपाच्या बुडाशी बसून खुरप्याने तण काढले की खुरपली. साधन, पद्धत आणि हंगाम हे सारे एकाच शब्दात सामावते. नांगरणी, वखरणी, कोळपणी, खुरपणी ही नामे म्हणजे शेतकऱ्याचे पंचांगच होय.

आजचे चित्र मात्र विलक्षण आहे. शेतात पॉवर टिलर फिरतो, लाकडी नांगर दिसेनासा झाला, तरीही आपण शेत ‘नांगरले’ असेच म्हणतो. सुताराच्या हाती रंधा अजून आहे, पण तो फळी रंधत नाही, ‘रंधा मारतो’; करवततही नाही, ‘करवतीने कापतो’. एकीकडे अवजार गेले आणि क्रियापद उरले, दुसरीकडे अवजार उरले आणि क्रियापद मागे पडले.

याचे एक कारण संभवते. नांगरणी साऱ्या गावाच्या बोलण्यातली होती, रंधणे मात्र सुतारशाळेपुरते राहिले. शब्द जगतो तो वस्तूच्या आधाराने नव्हे, बोलणाऱ्यांच्या आधाराने. नव्या यंत्रांना तर आपण सरसकट ‘मारणे’ किंवा ‘करणे’ जोडतो: ड्रिल मारणे, वेल्डिंग करणे. व्यवहार त्यावर भागतो. पण ‘रंधलेली फळी’ म्हणताच डोळ्यांपुढे उभा राहणारा गुळगुळीतपणा ‘रंधा मारलेल्या’ फळीत उतरत नाही. हे शब्द कोशात सुरक्षित आहेत. ते बोलण्यात परत आणणे आपल्याच हाती आहे.