लळिंगला संशोधकांना तीन मिनिटे द्या

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना ‘आविष्कार’ हे नाव नवीन नाही. कुलपती कार्यालयाच्या पुढाकाराने २००६ साली सुरू झालेली ही राज्यातील विद्यापीठांची संशोधन स्पर्धा. विद्यार्थी आपले संशोधन एका पोस्टरवर मांडतो आणि परीक्षकाला थोडक्यात समजावून सांगतो. उपक्रम चांगला आहे, त्याबद्दल वाद नाही. आमचा प्रश्न एवढाच आहे की, त्या पोस्टरसमोर परीक्षक उभा राहतो. पण ज्याच्या जगण्यावर ते संशोधन झाले तो माणूस कधी उभा राहणार? आपल्या विद्यापीठाला २०१८ साली बहिणाबाई चौधरींचे नाव मिळाले. या बाईंना लिहिता-वाचता येत नव्हते, हे तरी आपण लक्षात ठेवायला हवे!

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठाने २००८ साली पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसाठी एक स्पर्धा सुरू केली. वेळ तीन मिनिटे, पडद्यावर एकच चित्र आणि भाषा अशी की त्या विषयातले काही न कळणाऱ्यालाही समजावी. तिकडे दुष्काळ होता, तीन मिनिटांत आंघोळ उरकावी म्हणून लोक न्हाणीघरात वाळूचे घड्याळ लावीत. त्यावरून ही कल्पना निघाली म्हणतात. पाण्याचे हाल काढलेल्या खान्देशी माणसाला याचे नवल वाटू नये.

पण त्यासाठी ऑस्ट्रेलियाला जाण्याचे कारण नाही. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात प्रा. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकर या विद्यार्थ्याने भारतातील जातींवर निबंध वाचला. जातीतल्या जातीत लग्न हे जातिसंस्थेचे मूळ आहे, असे त्याने विद्वानांना विद्वानांच्या भाषेत सांगितले. चार वर्षांनी, ३१ जानेवारी १९२० रोजी, ‘मूकनायक’ निघाला तेव्हा लंडनचे शिक्षण पुरे व्हायचे होते. तरी बाबासाहेबांनी मराठी वाचकांपुढे हा समाज कसा मांडला? अनेक मजल्यांचा मनोरा, पण एका मजल्यावरून दुसऱ्यावर जायला शिडी नाही. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही हे ऐकून कळते. बाबासाहेबांनी विचार पातळ केला नाही, फक्त दार उघडले.

आज आपल्या मुलांची परिस्थिती काय आहे? २००५-०६ पासून राजीव गांधी राष्ट्रीय फेलोशिप आली, पुढे बार्टीची आली आणि घराण्यात पहिल्यांदाच शिकलेली मुले-मुली पीएच.डी.पर्यंत पोहोचली. प्रबंध ग्रंथालयाच्या कपाटात जातो, नाहीतर ‘शोधगंगा’वर चढतो. वस्तीत सत्कार होतो. शाल, हार, चौकात फ्लेक्स, पुढाऱ्यांची दोन तास भाषणे होतात. सत्कारमूर्तीने संशोधन कशावर केले, हे मात्र कुणी विचारीत नाही. आणि खरे सांगायचे तर काही संशोधकांनाही ते बरेच वाटते. जड शब्दांच्या आड लपता येते.

समजा, एखाद्याने रावेर-यावलच्या केळी कापणाऱ्या मजुरांवर काम केले. त्यांची मजुरी किती, हे त्यांना सांगण्यात काय अर्थ? ते त्यांना ठाऊक आहे. त्यांच्या हातून गेलेला घड दिल्लीच्या बाजारात पोहोचेपर्यंत कुणाकुणाच्या हातात किती पैसा पडतो, हे त्याने तीन मिनिटांत सांगावे. मजूर लगेच विचारतील, “मग आम्ही काय करावं?” विद्यापीठात तोंडी परीक्षा घेणारा हा प्रश्न सहसा विचारत नाही.

३१ जुलै १९३७ रोजी बाबासाहेब न्यायालयाच्या कामासाठी धुळ्याला आले आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यात राहिले. त्याची आठवण म्हणून दरवर्षी त्या दिवशी तेथे भीमस्मृती यात्रा भरते. दूरदूरच्या खेड्यांतून लेकराबाळांसह लोक येतात. यापेक्षा चांगला श्रोता कोणत्या सभागृहात मिळणार? तेव्हा संयोजकांना आमची सूचना आहे की, व्यासपीठावर धुळे-जळगावच्या संशोधक विद्यार्थ्यांना प्रत्येकी तीन मिनिटे द्यावीत. मराठीत बोलावे, अहिराणीत बोलले तर अधिकच चांगले. पाहुण्यांचे स्वागत थोडे आटोपते घेतले तर दहा जणांना अर्धा तास पुरतो.