जुनी चाळ जाते कुठे?

मुलांनो, तुमच्या गल्लीत एखादी जुनी चाळ पाडताना पाहिलीय? लालबाग-परळला किंवा गिरगावात राहत असाल तर नक्की पाहिली असेल. आधी दारं-खिडक्या निघतात, सागवानी लाकूड विकलं जातं, आणि मग एक दिवस भिंती धडाधड कोसळतात. त्या वेळी घरात चर्चा कसली चाललेली असते? नवं घर केवढं मिळणार, कितव्या मजल्यावर, लिफ्ट किती! साहजिकच आहे. १९२० च्या दशकात बांधलेल्या बी.डी.डी. चाळींत एकेका कुटुंबाला १६० चौरस फुटांची खोली, आणि संडास सामाईक. अशा खोलीत तीन-तीन पिढ्या काढलेल्यांना मोठं घर हवंसं वाटलं, तर त्यात चूक काय?

पण पाडलेल्या चाळीचं पुढे काय होतं, हे कुणाला विचारलंत कधी?

विटा, चुना, प्लॅस्टर, फुटक्या फरश्या. या सगळ्याला म्हणतात राडारोडा. ठेकेदार मंडळी ‘डेब्रिज’ म्हणतात. ट्रक भरभरून तो निघतो. ठरलेल्या जागी पोचला तर ठीक. नाही पोचला, तर गुपचूप कुठंतरी खाडीकाठी, तिवरांच्या झाडांत रिकामा होतो.

आता जरा शिवडीला चला. हार्बर लाइनवर उतरायचं आणि पूर्वेला बंदराकडे जायचं. वेळ मात्र ओहोटीची हवी, बरं का! पाणी मागे हटलं की लांबवर नुसता चिखल. “शी, घाण!” म्हणाल तुम्ही. पण या चिखलात खेकडे असतात, शेवाळ असतं, बारीक बारीक जीव असतात. ते खायला १९९० च्या दशकापासून इथे हिवाळ्यात रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, मोठ्या संख्येनं येऊ लागले. चोच उलटी करून, डोकं खाली घालून चिखल गाळून खाणारा हा पक्षी! २०२४ च्या जानेवारीत सुरू झालेला अटल सेतू याच शिवडीहून निघतो. खाडीच्या वरच्या भागात २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झालं, आणि २०२२ साली त्याला ‘रामसर’ हा पाणथळ जागांसाठीचा जागतिक मान मिळाला.

काठावरची तिवरं कधी जवळून बघा. झाडाभोवती चिखलातून पेन्सिली उभ्या खोचल्यासारखं दिसतं. ती त्याची मुळं! चिखलात हवा नसते, म्हणून ही मुळं वर डोकं काढून श्वास घेतात. आता त्यांच्यावर एक ट्रक विटा ओतल्या तर? नाक दाबल्यासारखंच की! शिवाय भरतीच्या पाण्याची वाट अडते ती वेगळीच. झाड लगेच मरत नाही, हळूहळू वाळतं. मग कुणी म्हणतं, “इथे कुठं तिवरं आहेत? मोकळी जागा आहे ही.”

म्हणून नियम आले. १९८१ साली पंतप्रधान इंदिरा गांधींनी किनाऱ्यावरच्या राज्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा किनारा जपायला सांगितलं. पुढे १९ फेब्रुवारी १९९१ ला केंद्र सरकारनं त्याचा नियमच केला. तोच ‘सीआरझेड’. (खाडीकाठी हे अंतर कमी असतं.) मुंबईत या पट्ट्यातली इमारत नव्यानं बांधायची, तर नकाशा महाराष्ट्र सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणापुढे जातो. लांबलचक नाव आहे खरं! ते बघतात : भरतीरेषा कुठे? इमारत रस्त्याच्या जमिनीकडच्या बाजूला आहे ना? तिवरं किती लांब? तिवरांभोवती ५० मीटर जागा मोकळी सोडायला मुंबई उच्च न्यायालयानंही २०१८ च्या निकालात सांगितलं आहे.

“आमची फाइल सीआरझेडमध्ये अडकलीय,” हे वाक्य गिरगाव चौपाटीजवळच्या पालकांनी पुष्कळदा ऐकलं असेल. त्यांचा राग मला समजतो. कितीतरी वर्षं या पट्ट्यात बांधकामाचं प्रमाण १९९१ च्याच नियमांनुसार मिळायचं, म्हणून बिल्डर फिरकत नसत आणि माणसं टेकू लावलेल्या इमारतीत पावसाळे काढत. २०११ साली सेस भरणाऱ्या जुन्या इमारतींना सवलत मिळाली, कोळीवाड्यांतल्या घरांच्या दुरुस्तीला प्राधान्य द्यायचं ठरलं. २०१९ मध्ये नियम आणखी सैल झाले. रस्त्याच्या आतल्या बाजूला, जुन्या जागीच घर उभं राहत असेल तर ही सवलत मला योग्यच वाटते. त्यानं समुद्राची जागा कमी होत नाही.

पण प्राधिकरणाच्या परवानगीत नेहमी एक अट असते : राडारोडा किनारपट्टीच्या क्षेत्रात टाकायचा नाही. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची अट हीच. घर कुठे उभं राहतं ते सगळ्यांना दिसतं. ट्रक कुठे गेला ते कोण बघतं? आणि लालबागची चाळ समुद्रापासून कितीही लांब असो, तिच्या विटा खाडीपर्यंत सहज पोचतात. २०१६ पासून राडारोड्यासाठी देशभर वेगळे नियम आहेत. महापालिकेनं दहिसर आणि शिळ-डायघर इथे त्यावर प्रक्रिया करायची सोय केली आहे. तिथे विटा-काँक्रीट भरडून पुन्हा बांधकामाला वापरता येतं.

तेव्हा बाबा किंवा आजोबा चाळीच्या मीटिंगला निघाले की त्यांच्या कागदांत ते परवानगीचं पत्र आहे का बघा. कार्पेट एरियाच्या आकड्याशेजारी ही अटही त्यांना दाखवा. आणि विचारा, ट्रक कुठे जाणार? तिथली पावती बिल्डर दाखवणार का?